घाण्यामागे पळीभर तेल : पाटण्याच्या शिलालेखाचा पाठ

ऐतिहासिक स्थळांच्या सहली शाळांना नव्या नाहीत. परंतु पुष्कळदा त्या दर्शन व वनभोजन यांपुरत्याच उरतात. पूर्वतयारी असेल तर स्मारक हाच पाठ कसा होतो, हे चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे दिसून येते.

येथील शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव (योगी चांगदेव नव्हेत) यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्यास दान दिले, अशी त्यात नोंद आहे. अखेरच्या जुन्या मराठी ओळींत बाजारातील देवघेवीवरील हिस्सा व तेल्याच्या घाण्यामागे पळीभर तेल मठास नेमून दिलेले आहे. विद्येचा भार राजाबरोबर बाजारपेठेनेही उचलला होता.

शिक्षकांनी आधी वर्गात शकाचे इसवी सन काढून घ्यावे, ‘लीलावती’तील एखादे गणित सोडवून घ्यावे. स्थळी अक्षरांना हात न लावता निरीक्षण करावे. परतल्यावर आपल्या गावातील वीरगळ, जुनी विहीर, मंदिर यांची नोंदवही मुलांकडून करवावी. धुळे परिसरातील शाळांना १९२७ साली स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रे व शिल्पे दाखविता येतील.

वारशाचे जतन हे संविधानाच्या अनुच्छेद ५१-क नुसार नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे. सहलीच्या वाहनास हातभार, स्मारकाजवळ स्वच्छता व पिण्याचे पाणी, एवढे जरी पंचायतींनी केले, तरी ती आजची पळीभर तेलाची देणगीच ठरेल.