खुबा बदलताना पैसे कशाचे मोजायचे?

पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयात एका बाजूचा खुबा बदलायला आज साधारण दोन ते चार लाख रुपये लागतात. त्यातला मोठा वाटा इम्प्लांटचा. देशी बनावटीचा सांधा साधारण पन्नास-साठ हजारांपासून मिळतो, सिरॅमिकचा परदेशी संच दीड लाखाच्या पुढे जाऊ शकतो. ‘पॅकेजमध्ये सगळं आलं’ या उत्तरावर थांबू नका. वाटी, तिच्यातलं अस्तर, गोळा आणि मांडीच्या हाडात जाणारा दांडा, या चारही भागांची कंपनी, मॉडेल आणि किंमत एस्टिमेटवर लिहून मागा. गुडघ्याच्या इम्प्लांटवर सरकारने ऑगस्ट २०१७मध्ये कमाल किंमत घातली. ती खुब्यालाही लागू आहे असं समजून अनेक जण निर्धास्त राहतात, पण ती मर्यादा गुडघ्याचीच आहे.

‘बिनसिमेंटचा घ्या, तो जास्त टिकतो,’ हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल. ते अर्धंच खरं आहे. या सांध्याचा दांडा बहुधा टायटॅनियमचा, खरखरीत असतो. त्यावर अनेकदा हायड्रॉक्सीॲपेटाइट या हाडातल्याच खनिजाचा थर असतो. असा दांडा हाडात घट्ट ठोकून बसवतात आणि पुढच्या काही आठवड्यांत, महिन्यांत हाड वाढून त्याला धरतं. एकदा धरलं की तो सहसा सुटत नाही. हाड मजबूत असलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या रुग्णासाठी म्हणूनच तो चांगला. आपल्याकडे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तरुणपणीच सांधा गेलेले रुग्ण बरेच असतात, त्यांना हाच सुचवला जातो. सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या आजींची गोष्ट वेगळी. ठोकताना किंवा पुढच्या काही महिन्यांत मांडीचं हाड तडकण्याचा धोका त्यांना जास्त. तिथे डॉक्टरांनी सिमेंटचा, म्हणजे हाडात सिमेंटने पक्का केलेला, दांडा सुचवला, तर स्वस्तातलं गळ्यात मारलं असं मानू नका. तो सहसा स्वस्त असतो, आणि त्या वयात अनेकदा अधिक योग्यही.

मग टिकतो किती? ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने आकडे छापले: सर्व प्रकारचे खुबे मिळून १५ वर्षांनी सुमारे ८९ टक्के, २० वर्षांनी ७० टक्के आणि २५ वर्षांनी ५८ टक्के सांधे जागेवर होते. यातले जुने सांधे जुन्या प्लास्टिकचे. अस्तर झिजून निघालेल्या बारीक कणांमुळे भोवतालचं हाड विरघळायचं. कित्येकदा दांडा पक्का असायचा आणि वाटीकडची बाजू बदलावी लागायची. जादा पैसा घालायचाच असेल तर माझ्या मते तो अस्तरावर घाला. ‘हायली क्रॉसलिंक्ड’ प्लास्टिकचं अस्तर खूपच कमी झिजतं. त्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा बहुतेकांना पुरतो. दोन्हीकडे सिरॅमिक असलं तर झीज नगण्य, पण किंमत चढते आणि क्वचित सांधा चालताना कुरकुरतो किंवा सिरॅमिक फुटतं.

नवं आणि महाग म्हणजे टिकाऊ, असं मुळीच नाही. धातूवर धातू घासणारा ‘एएसआर’ खुबाही बिनसिमेंटच्याच वाटीचा होता. ऑगस्ट २०१०मध्ये कंपनीला तो जगभरातून मागे घ्यावा लागला. भारतातही हजारो रुग्णांना तो बसवला गेला होता. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, ‘या मॉडेलची दहा वर्षांची नोंद आहे का?’ ब्रिटनची ‘ओडेप’ ही तज्ज्ञसमिती वाटी आणि दांड्याला स्वतंत्र श्रेणी देते. त्यातला आकडा वर्षांचा, पुढचं अक्षर पुराव्याच्या दर्जाचं.

विम्यात सांधेबदलासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तेव्हा पॉलिसी आधीच वाचा. राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा आणि पॅकेजमध्ये कोणता सांधा मिळतो ते विचारा. रुग्ण तरुण असेल तर पुढे कधीतरी दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्चही धरून ठेवा. ती पहिलीपेक्षा अवघड असते आणि बहुधा महागही.

इम्प्लांटच्या खोक्यावरचे मॉडेल आणि लॉट नंबर असलेले स्टिकर डिस्चार्जच्या कागदांवर चिकटवलेत ना, हे घरी निघण्यापूर्वी पाहा आणि त्यांचा फोटो काढून ठेवा. पुढे दुखत नसलं तरी डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढा. सांध्याभोवतीचं हाड विरघळताना सुरुवातीला सहसा दुखत नाही. ते एक्स-रेतच दिसतं.