हिरवी मिरची हवाबंद करून टिकविण्याचे घरगुती तंत्र

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील पांढुर्णा व सौंसर या तहसिली संत्रा आणि कापूस यांसाठी सर्वदूर परिचित आहेत. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात आज त्यांचा समावेश होतो. परंतु येथील स्वयंपाकघराचे नाते पूर्वीपासून नागपूर-विदर्भाशी आहे. भाकरीबरोबर ठेचा आणि वरणभाताबरोबर तळलेली ताकातली मिरची नसेल तर जेवण पुरे झाले असे येथे कोणी मानीत नाही. तथापि ज्या मिरचीवर एवढा लोभ, तिच्या भावाचा काही नेम नसतो. आठवडी बाजारात आवक वाढली की तोडणीची मजुरीही सुटत नाही आणि उन्हाळ्यात तीच मिरची पावाने मोजून घ्यावी लागते. स्वस्ताईच्या दिवसांत घेतलेली किंवा स्वतःच्या वावरातील मिरची टिकवून ठेवता आली, तर कुटुंबाचा खर्च निश्चितच वाचू शकतो.

मिरची ही आपल्याकडे परदेशातून आलेली वस्तू होय, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. अमेरिका खंडातील हे पीक पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. पुढे ते असे रुजले की नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. शिक्षकबंधूंनी विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट अवश्य सांगावी. हंगेरीतील शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३०च्या दशकात 'क' जीवनसत्त्व विपुल प्रमाणात मिळविले ते मिरचीच्याच एका जातीपासून, आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मिरची टिकविण्याचे आपले जुने मार्ग तीन. उन्हात वाळविणे, ताकात मुरवून वाळविणे आणि मीठ, मोहरी व लिंबाचा रस घालून लोणचे करणे. हे तिन्ही मार्ग शास्त्रशुद्ध आहेत. वाळवणात पाणीच उरत नसल्याने जंतूंची वाढ खुंटते. लोणच्यात मीठ आणि आंबटपणा तेच काम करतात. अलीकडे रक्तदाबाच्या भीतीने लोणच्यातील मीठ निम्म्यावर आणण्याची प्रथा पडली आहे. ती धोक्याची आहे. मीठ कमी खावयाचे असेल तर लोणचे कमी वाढून घ्यावे. बरणीतील मीठ मात्र कमी करू नये.

चौथा मार्ग म्हणजे मिरची शिरक्यात, अर्थात व्हिनेगरमध्ये, घालून काचेच्या बाटलीत हवाबंद करणे. अन्न बाटलीत भरून उकळत्या पाण्यात ठेवण्याची युक्ती फ्रान्समधील निकोला आपेर या हलवायाने शोधली व १८१० साली तेथील सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले. अन्न का टिकते हे त्यालाही ठाऊक नव्हते; जंतूंचा उलगडा पुढे पाश्चर यांनी केला.

येथे एका धोक्याचे विवेचन सविस्तर करणे आवश्यक आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू मातीत सर्वत्र असतो. त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. त्यांना वाफेच्या दाबाखालील सुमारे १२१ अंश सेल्सिअस उष्णता लागते. हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या ओलसर जागी ते अंकुरतात आणि अत्यंत जहाल विष निर्माण करतात. घट्ट झाकणाची बाटली म्हणजे त्यांना हवी तशीच जागा. अन्नाची आम्लता पीएच ४.६ किंवा त्याहून खाली असेल तर मात्र त्यांची वाढ होत नाही. ताजी मिरची जिभेला कितीही झोंबली तरी ती आंबट नसते. तिचा पीएच सामान्यतः ४.६ च्या वरच असतो. तिखटपणा जंतूंना मारतो हा समज म्हणूनच सोडून द्यावा. अमेरिकेतील मिशिगन राज्यात पॉन्टिअक येथे १९७७ साली एका उपाहारगृहात घरगुती रीतीने, पुरेशी उष्णता न देता हवाबंद केलेली हालापेन्यो जातीची मिरची वाढली गेली आणि ५९ जणांना या विषाची बाधा झाली. विष असलेल्या अन्नाला वास किंवा निराळी चव येईलच असे नाही. एकाच्या दोन वस्तू दिसणे, पापण्या जड होणे, बोलण्यास व गिळण्यास त्रास होणे ही लक्षणे बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात. अशा वेळी घरगुती उपचारात वेळ न दवडता रुग्णाला तात्काळ रुग्णालयात न्यावे.

सारांश, या कृतीत खरे राखण करतो तो शिरका. पाश्चात्त्य पुस्तकांतील प्रमाणे ५ टक्के अ‍ॅसेटिक आम्लाचा शिरका धरून दिलेली असतात व त्यात थोडे पाणी घालावयास सांगितलेले असते. आपल्या बाजारातील शिरका बहुधा ४ टक्क्यांचा असतो. बाटलीवरील चिठ्ठी वाचावी आणि ४ टक्क्यांच्या शिरक्यात पाण्याचा थेंबही घालू नये. ज्याचे प्रमाण लिहिलेले नाही असा सुटा किंवा घरी आंबविलेला शिरका या कामास वापरू नये.

एक किलो ताज्या, डाग नसलेल्या मिरचीला दीड ते पावणेदोन लिटर शिरका व दोन मोठे चमचे साधे मीठ पुरते. मिरची धुऊन, देठ काढून तिच्या चकत्या कराव्यात. अख्खी ठेवावयाची असल्यास प्रत्येकीला दोन चिरा द्याव्यात, नाहीतर आतल्या पोकळीत शिरका पोहोचत नाही. हाताला आधी तेल लावावे म्हणजे आग कमी होते. शिरका व मीठ स्टीलच्या पातेल्यात उकळावे. तांबे, पितळ, अ‍ॅल्युमिनियम वर्ज्य. काचेच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या पाण्यात दहा मिनिटे उकळून घ्याव्यात, चकत्या भराव्यात आणि वरून उकळता शिरका ओतावा. वर अर्धा इंच जागा मोकळी राहू द्यावी. बारीक काडीने बुडबुडे काढून, काठ पुसून, नवे झाकण लावावे. मग खोल गंजात तळाशी कापड घालून बाटल्या उभ्या ठेवाव्यात. पाणी झाकणांच्या एक इंच वर असावे. पाण्याला सणकून उकळी आल्यापासून पंधरा मिनिटे मोजावीत. सखल प्रदेशात दहा मिनिटे पुरतात; आपला भाग समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून उंच असल्याने येथे पाणी किंचित कमी उष्णतेवर उकळते, म्हणून ही पाच मिनिटे अधिक. बाटल्या काढून कोरड्या कापडावर ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी झाकण मध्यभागी खाली ओढले गेले आहे की नाही ते बोटाने दाबून पाहावे. ज्याचे झाकण टकटक वाजते ती बाटली लगेच शीतपेटीत ठेवून आधी संपवावी.

मिरची कडक राहावी म्हणून कोहळ्याच्या पाकवड्यांप्रमाणे चुन्याच्या निवळीत भिजविण्याचा मोह काहींना होतो. चुना आम्लाला मारतो. या कृतीत तो नको. वरून तेलाचा थर देणे किंवा मूठभर लसूण घालणेही टाळावे. ज्या शाळेत पीएच कागद उपलब्ध आहे तेथे शिक्षकांनी महिनाभर मुरलेल्या मिरचीचा गर कुटून तपासून दाखवावा. मुलांना विज्ञानाचा धडा आणि गावाला खात्री, दोन्ही एकदम मिळतील. बाटली फुगलेली, गळणारी किंवा उघडताना फसफसणारी आढळल्यास चव न पाहता टाकून द्यावी, आणि गुरांपुढेही टाकू नये.

खर्चाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. या पद्धतीत सर्वांत महाग पडतो तो शिरका. मिरची विकत, बाटल्या विकत आणि शिरकाही विकत अशा स्थितीत पहिल्या वर्षी बचत होईलच असे नाही. घरची मिरची असल्यास व बाटल्या वर्षानुवर्षे वापरल्यास हिशेब जमतो. झाकणे तेवढी दरवेळी नवी घ्यावी लागतात. ज्यांना पै पै वाचवावयाची आहे त्यांनी उन्हाळ्यातील वाळवण व लिंबाचे लोणचे यांनाच पहिली पसंती द्यावी. बचत गटातील भगिनींना हा माल विकावयाचा असल्यास अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये आधी नोंदणी करावी लागते. प्रत्येक बाटलीवर तयार केल्याची तारीख लिहावी व घरची बाटली वर्षाच्या आत संपवावी.