उतारावरील ठिबक आणि वांटणीचा धडा

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें ६:१–७

यरुशलेमेंतील मंडळींत दररोजची वांटणी चालू होती. तरी हेल्लेणी विधवांची उपेक्षा होत असे. वांटणी होते, एवढ्यावरून ती सर्वांस पोहोंचते असें ठरत नाहीं. हें सत्य शेतकरी बंधुभगिनींस ठिबक सिंचनाच्या दृष्टांतानें चांगलें समजेल.

ठिबकाचें पाणी जमिनींत दोन ओढींनीं पसरतें. एक ओढ गुरुत्वाची. ती पाण्यास खालीं नेते. दुसरी मातीच्या सूक्ष्म छिद्रांची. वातींत तेल चढतें त्याप्रमाणें ती पाण्यास चोहोंकडे खेंचते. काळ्या चिकण जमिनींत दुसरी ओढ प्रबळ, म्हणून ओल रुंद व उथळ होते. रेताड जमिनींत पहिली प्रबळ, म्हणून ओल अरुंद व खोल जाते. सपाट रानांत ओल ड्रिपरच्या सभोंवार सारखी असते. उतारावर ती खालच्या अंगास सरते. आणि जमिनींत जिरेल त्याहून अधिक वेगानें पाणी सोडलें, तर तें वरच्यावर ओघळून जातें.

यास्तव उतारावर ड्रिपर झाडाच्या चढाकडील अंगास ठेवावा, म्हणजे सरकणारी ओल मुळांस मिळते. नळ्या उतारास आडव्या, समपातळींत अंथराव्या. नळी उतारानें खालीं सोडली, तर उंची १० मीटर उतरल्यावर दाब सुमारें १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर वाढतो. मग साधे ड्रिपर खालीं अधिक व वर कमी पाणी देतात. पाणी बंद केल्यावर नळींत उरलेलेंही खालच्याच झाडांस जातें. दाब वाढला तरी सारखेंच पाणी देणारे ड्रिपर ह्याच कारणास्तव निघाले आहेत.

वरून दिसणाऱ्या ओल्या डागावर मात्र विसंबूं नये. दुसऱ्या दिवशीं रानाच्या दोन्ही टोंकांस वीतभर खणावें, व माती मुठींत दाबून पाहावी.

मंडळींतही उतार असतो. जो मंदिराजवळ राहतो, ज्यास अर्ज लिहितां येतो, ज्याचे सोयरे पंचांत आहेत, त्याच्याकडे साहाय्य आपोआप वाहतें. वस्तीच्या टोंकाची विधवा कोरडी राहते. प्रेषितांनीं कुरकुर करणाऱ्यांस दोष दिला नाहीं. त्यांनीं मंडळीकडून सात पुरुष निवडविले. आणि त्या सातांचीं नांवें पाहिलीं, तर तीं सर्व ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली, त्यांची भाषा जाणणाऱ्यांच्या हातीं वांटणी आली. त्यानंतर देवाचें वचन वाढत गेलें, असें सातव्या वचनांत लिहिलें आहे.

विचारार्थ प्रश्न :
१. आपल्या मंडळींत चढावरील झाड कोण?
२. मागील साहाय्य त्याच्या मुळापर्यंत पोहोंचलें कीं नाहीं, हें कोणी जाऊन पाहिलें?