आईलाही लिही

मयूर विहार, दिल्ली

चि. बाळ,


तुझं पत्र दोनदा वाचलं. कावळा शिवला की कोपऱ्यात बसायचं, वेगळी ताट-वाटी, पोळी वरून टाकायची, हे सगळं लिहिणार म्हणतेस. जरूर लिही. पण कॉलेज अर्धवट टाकून इकडे यायचा विचार असेल, तर आधी माझं ऐक.

लेखिका तसलिमा नसरीन याच शहरात राहतात. मूळच्या बांगलादेशातल्या मैमनसिंगच्या. आई पीराची निस्सीम भक्त, घरात धर्माचा धाक. तो त्यांनी झुगारला. त्यांची ‘लज्जा’ ही कादंबरी 1993 साली आली, तिच्यावर बंदी आली, जिवावर बेतलं आणि 1994 मध्ये देश सुटला. पुढे कोलकात्यात घर केलं, ते 2007 मध्ये सोडावं लागलं. भारतात राहायचा परवाना अजून मुदतीमुदतीने वाढवून घ्यावा लागतो. 2024 मध्ये तो संपला, तेव्हा त्यांनी गृहमंत्र्यांना जाहीर विनंती केली. तरी त्या लिहीत राहिल्या, तेही बंगालीतच.

तुला सांगायच्या गोष्टी दोनच.

पहिली, पदवी पूर्ण कर. तसलिमा आधी डॉक्टर झाल्या. सरकारी दवाखान्यात बलात्कार झालेल्या मुली त्यांनी तपासल्या. मुलगी झाली म्हणून बाळंतिणींनी फोडलेला हंबरडा ऐकला. त्यांच्या लेखणीला धार आली ती तिथे. स्वतःची कमाई असली की घरच्यांपुढे मान तुकवावी लागत नाही, आणि कामाच्या जागी चार माणसांची दुःखंही कळतात.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. त्यांच्या बालपणाच्या आठवणींवर, ‘आमार मेयेबेला’वर, 1999 मध्ये बांगलादेशात बंदी आली. त्या पुस्तकातली आई नुसती कर्मठ बाई नाही. शिक्षणाची हौस मनातच राहिलेली, संसारात उपेक्षित अशी ती बाई आहे. पुढे ती आई वारली, तेव्हा नास्तिक लेकीची आई म्हणून मशिदीतलं कुणी जनाज्याची नमाज पढवायला तयार झालं नाही, असं तसलिमांनी सांगितलं आहे. लेकीच्या लिहिण्याची किंमत आईलाही मोजावी लागली.

तुझी आई माझी थोरली बहीण. पहिल्यांदा तिला बाहेर बसवलं तेव्हा ती सातवीत होती. परीक्षा चुकली म्हणून रात्रभर रडत होती. पुढे तिनेच तुला बसवलं. तुझ्यावर अन्याय झाला, तो खराच. त्यातलं एक अक्षरही मवाळ करू नकोस. पण ताईला नुसती दुष्ट रंगवलंस तर पुस्तक खोटं पडेल. तिला विचार, ऐकून घे आणि तिचंही लिही. राग खुशाल असू दे. तपशील मात्र चोख हवेत.

पहिलं प्रकरण झालं की मला पाठव. परीक्षा आटोपली की ये. माझं घर तुझंच आहे. ताईशी मी बोलते.

तुझी,
मावशी