झोप मोडली, पण ताकद आली का?

अगं, सोमवारी पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी जिंतूरहून परभणीला जायचंय म्हणून तुझ्या पोटात गोळा आलाय, कळतंय मला. जरा बस माझ्याजवळ.

बघ, पूर्ण भूल म्हणजे नुसती झोप नव्हे. पोटाचे स्नायू ताठ राहिले तर सर्जनला काम करता येत नाही. म्हणून व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम असं एखादं औषध देऊन अंग सैल करतात आणि तेवढा वेळ श्वास यंत्र देतं. शेवटी झोप मोडायची असते आणि ही ताकदही परत आणायची असते. ही दोन वेगळी कामं आहेत.

ताकद परत कशी येते? पंगत आठव. स्नायूला हलायचा निरोप देणारं अॅसिटिलकोलीन ज्या पाटावर बसतं, तिथं हे औषध ठाण मांडतं. निओस्टिग्मीन दिलं की अॅसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम थांबतं, अॅसिटिलकोलीन वाढतं आणि आपला पाट परत मिळवतं. कापसावर फवारताना कीटकनाशक अंगात गेलं की लाळ सुटते, नाडी मंदावते ना? त्यातली बरीच विषं याच एन्झाइमला धरतात. घाबरू नकोस, इथं औषध मोजून देतात आणि नाडी सांभाळायला सोबत ग्लायकोपायरोलेट किंवा अॅट्रोपिन असतंच.

दुसरं औषध सुगमाडेक्स. युरोपात 2008 साली, अमेरिकेत 2015 साली मान्यता मिळालेलं. ते रोक्युरोनियमला कवेत घेऊन बाजूला करतं, तेही काही मिनिटांत. महाग आहे, सगळीकडे मिळेलच असं नाही. पण खरं सांगू का, ते गर्भनिरोधक गोळ्यांतलं हार्मोनही धरतं. तू गोळ्या घेत असशील आणि हे औषध दिलं गेलं, तर पुढचे 7 दिवस निरोधसारखी दुसरी काळजी घ्यायची. माझ्या ऑपरेशनच्या वेळी गोळ्यांचं विचारलं तेव्हा सासूबाई शेजारी होत्या, म्हणून मी ‘नाही’ म्हणून मोकळी झाले. तू लाजू नकोस गं.

आणि घरात विचार, भुलीनंतर कुणाला श्वासाच्या यंत्रावर बराच वेळ ठेवावं लागलं होतं का? आपल्या मराठवाड्यातल्या आर्य वैश्य कुटुंबांनी तर हे आवर्जून विचारावं. सक्सिनिलकोलीन हेही अंग सैल करणारं औषध; ते मोडणारं एन्झाइम काहींच्या रक्तात, या समाजात जास्त वेळा, जन्मतःच कमी असतं. त्यांच्यात त्याचा अंमल काही मिनिटांऐवजी तासन्‌तास राहतो. निओस्टिग्मीन त्यावर उतारा नाही, उलट अंमल लांबू शकतो. यंत्रावर ठेवून वाट पाहिली की माणूस सुखरूप उठतो, पण आधी कळलं तर डॉक्टर ते औषधच टाळतात.

भूलतज्ज्ञांना सरळ विचार, “ताकद आली हे यंत्राने मोजता का?” मनगटाला चिकटपट्ट्या लावून चार बारीक झटके देतात. चौथ्याला स्नायूने दिलेला प्रतिसाद पहिल्याच्या निदान 90 टक्के हवा. जाग आल्यावर डोकं उचलून पाच सेकंद धरायला सांगतील, तेव्हा मनापासून धर. डोळ्यांवर झापड, गिळायला जड, श्वास अपुरा वाटला तर हाताने खूण कर, गप्प राहू नकोस.

आज रात्रीच चिठ्ठी लिही: चालू गोळ्या, दमा, अॅलर्जी, घरातला भुलीचा अनुभव. सोमवारी ती भूलतज्ज्ञांच्याच हातात दे. एवढं तुला नक्की जमेल.