तळ्यातील माशांचा रोजचा शिधा

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसले आहे. दक्षिणेस बनशंकरीच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा पडतो. मासा शीत रक्ताचा प्राणी. पाणी गार झाले की त्याची भूक मंदावते. म्हणून कोकणातील तळ्याचे खाद्याचे माप येथे जसेच्या तसे चालत नाही.

हे माप काढावयाचे कसे? समजा, तळ्यात रोहू-कटल्याची 5,000 बोटुकली सोडली व शेकडा 80 जगली असे धरले; म्हणजे मासे 4,000. फेकजाळ्यात आलेल्या 50 माशांचे वजन 10 किलो भरले, तर सरासरी 200 ग्रॅम व एकूण 800 किलो. शेकडा 2 प्रमाणे रोजचा शिधा 16 किलो, पेंड व भाताचा कोंडा समभाग.

गणित सोपे, फसगत होते ती जगलेल्या माशांच्या संख्येत, कारण ती कोणी मोजलेली नसते! प्रत्यक्षात निम्मेच, 2,500 मासे उरले असतील, तर 10 किलो पुरतात आणि 6 किलो रोज तळाशी कुजतात. कुजणारे अन्न पाण्यातील प्राणवायू ओढून घेते. रात्री पाणवनस्पतींकडूनही त्याची भर पडत नाही. त्यामुळे पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. यास्तव खाद्य टोपलीतून पाण्यात सोडावे. दोन तासांनी टोपलीत काही उरले, तर दुसऱ्या दिवशी माप कमी करावे.