‘झेनिथ’ : अर्थ, व्युत्पत्ती आणि उपयोजन

एका भाषेतील शब्द दुसऱ्या भाषेत जाताना त्याचा उच्चार बदलतो, हे आपणांस परिचित आहे. परंतु केवळ वाचनदोषामुळेही शब्दाचे रूप कायमचे बदलू शकते. ‘झेनिथ’ हा इंग्रजी शब्द याचे बोलके उदाहरण होय.

निरीक्षकाच्या डोक्यावर बरोबर उभ्या रेषेत येणाऱ्या आकाशातील बिंदूस ‘झेनिथ’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘खमध्य’ ही संज्ञा आहे. ‘ख’ म्हणजे आकाश. शब्द मूळचा अरबी : ‘सम्त अर्-रास’, म्हणजे ‘डोक्यावरचा मार्ग’. मध्ययुगात अरबी खगोलग्रंथ लॅटिनमध्ये गेले. तत्कालीन हस्तलेखनात रोमन ‘एम’ हे अक्षर तीन आखूड उभ्या दांड्यांचे असे. ‘एन’ आणि ‘आय’ शेजारी आले तरी दांडे तेवढेच. त्यामुळे ‘सम्त’मधील ‘एम’ हा ‘एन-आय’ असा वाचला गेला व ‘सेनित’ हे रूप रूढ झाले. फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आले, चॉसरच्या अ‍ॅस्ट्रोलेब या उपकरणावरील ग्रंथात (सुमारे इ. स. १३९१) ते आढळते. जुन्या वळणाचा ‘ख’ ‘रव’ असा वाचून ‘खाना’चे ‘रवाना’ करणाऱ्या आपल्या वाचकांना या लेखनिकांस हसण्याचा अधिकार नाही!

‘झेनिथ’च्या नेमका विरुद्ध, पायाखालच्या दिशेचा बिंदू म्हणजे ‘नेडर’. तोही अरबीच : ‘नझीर’, म्हणजे समोरचा, जोडीचा. मराठीतील ‘नजर’ याच धातूपासून आलेली आहे. नादिरशहाच्या नावातील ‘नादिर’ (दुर्मीळ) मात्र वेगळ्या धातूचा. ध्वनिसाम्यावरून नाते जोडू नये.

आता उपयोजन. ‘झेनिथ’साठी ‘मध्यान्ह’ हा पर्याय उत्तरपत्रिकांत वारंवार दिसतो. तो चूक आहे. मध्यान्ह ही वेळ आहे, खमध्य हे स्थान. ‘भरदुपारी सूर्य माथ्यावर आला’ असे आपण बोलतो, ते व्यवहारापुरते ठीक. पण महाराष्ट्रात सूर्य नेमका खमध्यावर वर्षातून दोनच दिवस येतो. मुंबईत मे महिन्याच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते, ती याचमुळे. लंडनमध्ये असे कधीच घडत नाही. शास्त्रीय मजकुराचा अनुवाद करताना हा भेद पाळलाच पाहिजे.

लाक्षणिक अर्थाने मात्र ‘खमध्य’ निरुपयोगी ठरतो. गायिकेची कीर्ती ‘झेनिथ’वर असेल, तर मराठीत ती ‘शिखरावर’ असते किंवा ‘कळसास पोहोचते’. इंग्रजीने एकाच शब्दावर भागवले. मराठीला दोन लागतात, आणि माझ्या मते ही मराठीची सोयच आहे.

स्वाध्याय : ‘साम्राज्य झेनिथवर असताना’ आणि ‘तारा झेनिथवर असताना’ या दोन शब्दबंधांचा मराठी अनुवाद करा. प्रत्येक ठिकाणी निवडलेल्या पर्यायाचे कारण दोन वाक्यांत लिहा.